आधी पाणी, मग किल्ली

गोदामात सहा डिझेल फोर्कलिफ्ट होत्या आणि मिस्त्री त्या सहाही आवाजावरून ओळखत. तीन नंबर सुरू होताना दोनदा खोकायची. पाच नंबरचा पट्टा सकाळी पहिला अर्धा तास चिरकायचा. कोणती गाडी माल चढवायच्या धक्क्यावर आहे, कोणती रॅकच्या मागे अडकली आहे, हे कळायला मिस्त्रींना वर्कशॉपातल्या स्टुलावरून उठावे लागत नसे. या स्टुलावर त्यांची एकतीस वर्षे गेली होती.

वर्कशॉपच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीच्या वर, त्यांनी ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिले होते : आधी पाणी, मग किल्ली. प्रत्येक ड्रायव्हरने सकाळी रेडिएटरचे झाकण उघडायचे, पाणी गळ्यापर्यंत भरायचे आणि मगच किल्लीला हात लावायचा. एकतीस वर्षांत या गोदामात एकही इंजिन तापून जाम झाले नव्हते. नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांत ऐकावी लागे.

मॅनेजरबाई येऊन दोन वर्षे झाली होती. जूनमध्ये त्यांनी मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावले आणि आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. एक मोठे गिऱ्हाईक येऊ घातले होते. माल म्हणजे लहान बाळांच्या दुधाची पावडर. अट एकच : माल असेल त्या छपराखाली इंजिनाचा धूर नको. म्हणजे डिझेल ठेवायचे की सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करायच्या, हे ठरवायला हवे होते. निम्म्या अशा, निम्म्या तशा हे जमणार नव्हते. चार्जिंगला नळ असलेली, वारा खेळणारी आणि विजेची जाड लाइन पोचलेली खोली लागते. अशी खोली आवारात एकच होती, आणि ती म्हणजे वर्कशॉप.

एक इलेक्ट्रिक गाडी दोन आठवडे चाचणीसाठी येणार होती. तुलना करून अहवाल मिस्त्रींनी लिहायचा होता. मिस्त्री म्हणाले की यात आपला स्वार्थ आहे, दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय," बाई म्हणाल्या. "गाडीबद्दल कुणी खोटं बोललं तर ते पकडणारं इथे तुमच्याशिवाय कोण आहे?"

इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तर त्यांची देखभाल विकणाऱ्या कंपनीची माणसे करणार होती. मग मिस्त्रींचे काय, हे बाईंनी सांगितले नाही आणि मिस्त्रींनी विचारले नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. फाटकावर वही घेऊन बसायची एक खुर्ची असते, ती त्यांना माहीत होती. अहवालाची बातमी फुटली तेव्हा ड्रायव्हर म्हणाले की चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, आता डिझेलला मरण नाही.

चाचणीची गाडी सोमवारी आली. ती चालवायला दिली हवालदाराला. हा पोलिसात कधीच नव्हता. तो गाडीवर ताठ बसायचा आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर कुणी पाय ठेवला की गळ्यातली शिट्टी फुंकायचा, म्हणून हवालदार. गाडीचे नाव दुपारपर्यंत 'मुकी' पडले होते. आतल्या रॅकचे काम पहिल्याच दिवशी तिच्याकडे गेले, तेव्हा पाच नंबरचा ड्रायव्हर म्हणाला की कानामागून आली आणि तिखट झाली.

कंपनीच्या तंत्रज्ञाने चाळीस मिनिटे सगळे समजावून सांगितले. बॅटरी, चार्जर, टायमर, काय करायचे, काय नाही. शेवटी चार्जरला दोरीने एक कार्ड लटकवून तो गेला. मिस्त्री चाळीसही मिनिटे हात मागे बांधून उभे होते आणि मान हलवत होते. हे मान हलवणे ते चार वर्षांपूर्वी शिकले होते, बायको गेल्यावर भेटायला येणाऱ्या माणसांपुढे. समोरचा बोलत राहतो, आपण मान हलवत राहतो, थोड्या वेळाने तो जातो.

घरी दोन खोल्या होत्या. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी होती आणि दर रविवारी अकरा वाजता फोन करायची. तो फोन मिस्त्री गोदामातच घेत. रविवारी गोदाम बंद असे, पण ते नऊला येत, वॉचमन फाटक उघडून देई आणि ते सहाही गाड्या एकामागून एक पंचवीस-पंचवीस मिनिटे सुरू ठेवत. बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून, असे ते सांगत. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या गाडीची बॅटरी एका दिवसात उतरत नाही. हे त्यांना माहीत होते आणि वॉचमनलाही. बायको गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी हा क्रम सुरू झाला होता.

फोन येई तेव्हा एखादे इंजिन चालू असेच. मुलगी विचारायची, जेवण वेळेवर होतं का, गोळ्या घेता का. ते हो हो म्हणत. मग ती म्हणायची, "बाबा, काहीच ऐकू येत नाहीये, ठेवते." चार मिनिटे, कधी साडेतीन. बोलणे होत नाही ते इंजिनामुळे, असे दोघेही धरून चालले होते.

पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी वहीत जे लिहिले त्यात खोट काढायला जागा नव्हती. दोन टन माल घेऊन धक्क्याची चढण : डिझेल अकरा सेकंद, मुकी चौदा. ओल्या अंगणात मुकीचे चाक एकदा घसरले, डिझेलचे नाही. अरुंद गल्लीत वळताना डिझेलला दोनदा मागे-पुढे करावे लागले, मुकी एका झटक्यात वळली. पूर्ण चार्जवर काम सात तास दहा मिनिटे. धुरासाठी त्यांनी दोन पांढरी फडकी घेतली. एक डिझेलच्या गल्लीत रॅकला बांधले, एक मुकीच्या. सहा तासांनी एक राखाडी झाले होते. दुसरे त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि लिहिले : पांढरे.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत हवालदार वर्कशॉपात आला. बसला नाही.

"मिस्त्री, राग मानू नका. एक सांगू?"

"सांग की."

"परवा घरी गेलो तर बायको विचारते, आज ओरडून का बोलत नाहीस?" तो शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होता. "वीस वर्षं मी घरात ओरडून बोलतोय, आणि मला पत्ताच नाही."

मिस्त्री वही चाळत म्हणाले की याला रकाना नाही. हवालदार हसला आणि गेला. पण तो जाताना गुणगुणत होता, आणि मुकी सुरू झाल्यावरही ते गुणगुणणे ऐकू येत राहिले. मिस्त्रींना या गोदामात माणसाचे गाणे ऐकल्याचे आठवेना.

शनिवारी सुट्टी होताना हवालदाराने मुकी वर्कशॉपात आणून लावली आणि चार्जरची पिन जोडली. टायमर रविवारी दुपारी बाराचा होता, कारण त्या वेळी विजेचा दर कमी असतो. रविवारी मिस्त्री नेहमीसारखे नऊला आले. सहा गाड्या झाल्या. पाच नंबर चालू असताना फोन येऊन गेला. साडेअकरा वाजले. घरी जायचे म्हटले तरी जेवायला दीड तास होता.

सातवी गाडी कोपऱ्यात उभी होती. सहा जणींना पाणी झाले आणि ही तशीच, हे त्यांना बरे वाटेना. पाहुण्यालासुद्धा माणूस आधी पाणी विचारतो. त्यांनी सीट उचलली, बॅटरीची झाकणे उघडली. एकूण चोवीस सेल. आत टॉर्च मारला तर पाणी प्लेटांच्या जेमतेम वर. एवढ्या कमी पाण्यावर कुणी गाडी सोडून जाते, म्हणजे आठवडाभर इकडे कुणी बघितलेलेच नाही, असे ते मनात म्हणाले. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतला आणि चोवीसही सेल गळ्यापर्यंत भरले, रेडिएटर भरतात तसे. सांडलेला एक थेंब फडक्याने टिपला. झाकणे लावली. बाराला पाच कमी असताना ते फाटकातून बाहेर पडले.

सोमवारी सकाळी मुकीखाली ओले होते. आंबूस, नाकात जाणारा वास होता. बॅटरीच्या पेटीचा पिवळा रंग फुगून पोपडे आले होते आणि काँक्रीटवर पांढऱ्या फेसाचा हातभर डाग होता. हवालदार बाजूला ताठ उभा होता. ड्रायव्हर जमले. कुणी तरी म्हणाले, मुकी रडली.

मॅनेजरबाईंनी तंत्रज्ञाला फोन लावला. त्याला गुरुवारशिवाय येता येत नव्हते. तो म्हणाला, एक तर बॅटरीत दोष आहे, नाही तर कुणी तरी हात लावलाय. बाईंनी हवालदाराला विचारले, पाणी घातलंस का? तो नाही म्हणाला. दुसऱ्यांदा विचारल्यावरही नाही म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पिन लावताना माझ्याकडून काही झालं असेल तर मला माहीत नाही, बाई." खरे बोलणारा माणूस स्वतःवर शंका घेऊ लागतो, ते अशा वेळी.

मिस्त्री जमिनीवर खायचा सोडा टाकत होते. आम्ल सांडले की सोडा टाकायचा, एवढे त्यांना ठाऊक होते. चार्जरवरचे कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर होते. बाई हवालदाराशी बोलत होत्या तेवढ्यात त्यांनी ते पहिल्यांदा वाचले. तिसरी ओळ : पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावरच घालावे. चार्जिंगमध्ये आतले द्रव फुगते; आधी भरल्यास आम्ल बाहेर येते.

"मिस्त्री, तुम्ही काल होतात ना?" बाईंनी विचारले. "काही दिसलं का?"

"बारापर्यंत जमीन कोरडी होती," मिस्त्री म्हणाले.

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मंगळवारी हवालदाराला पुन्हा तीन नंबरवर बसवले. मिस्त्री स्टुलावर बसून ऐकत होते. तीन नंबर खोकली, सुरू झाली, वर्कशॉपसमोरून गेली, परत आली. दिवसभरात ती अकरा वेळा समोरून गेली. शिट्टी एकदाही वाजली नाही. दुपारी एक हमाल पिवळा पट्टा ओलांडून गाडीच्या तोंडासमोरून गेला, तेव्हा हवालदाराने गाडी नुसती थांबवली आणि तो जाईपर्यंत वाट पाहिली.

चाचणी थांबली होती, म्हणून अहवाल बुधवारीच द्यायचा होता. मंगळवारी घरी आल्यावर मिस्त्री उजेड होता तोवर लिहायला बसले. टेबलाजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर इस्त्रीचे कपडे होते. चार पाने भरली. चढण, ओले अंगण, वळण, धूर, सात तास दहा मिनिटे. 'दोष' या रकान्यात त्यांनी लिहिले : रविवारी चार्जिंगदरम्यान बॅटरीतून आम्ल सांडले. पुढे पूर्णविराम दिला.

एवढ्या एका ओळीवर गाडी परत जाणार होती. दुधाच्या पावडरीचे गिऱ्हाईक दुसरे गोदाम शोधणार होते. वर्कशॉप राहणार होते, स्टूल राहणार होते, रविवार राहणार होते. हवालदाराचे कुणी काही वाकडे केले नसते. तो फक्त बॅटरी बिघडवणारा म्हणून ओळखला गेला असता आणि घरी ओरडून बोलत राहिला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. वॉचमनने त्यांना येताना पाहिले होते, पाणी घालताना नाही.

लिहिलेले मोठ्याने वाचायची त्यांची जुनी सवय होती. पूर्वी समोर बायको भाजी निवडत बसायची आणि मध्येच टोकायची. ती म्हणायची, यांचं गप्प बसणं आणि इंजिनाचं गप्प बसणं सारखंच, दोन्हीत काही तरी बिघडलेलं असतं. त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतले. 'दोष' पर्यंत आले. ती ओळ वाचली आणि थांबले. शेजारच्या घरात कुणी तरी खुर्ची सरकवली. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग पेन घेऊन खाली लिहिले :

'कारण : रविवारी साडेअकरा वाजता चोवीसही सेलमध्ये गळ्यापर्यंत पाणी मी घातले. चार्जिंगच्या आधी. सूचना कार्डावर होती, मी वाचली नव्हती. चालकाचा संबंध नाही. बॅटरीत दोष आढळला नाही. शिफारस : सहाही गाड्या इलेक्ट्रिक घ्याव्यात. ओल्या अंगणात वेग कमी ठेवावा.'

थोडी जागा उरली होती. तिथे एक नवा रकाना आखून त्याला 'इतर' असे नाव दिले आणि लिहिले : चालक घरी हळू बोलतो.

बुधवारी मॅनेजरबाईंनी चारही पाने त्यांच्यासमोर वाचली. शेवटच्या पानावर त्यांना वेळ लागला.

"हे सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सोमवारी वाटलं, वर्कशॉप वाचेल."

"आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात, मिस्त्री."

"धोंडा माझाच होता, बाई."

तिथून ते थेट धक्क्यावर गेले. तीन नंबर उभी होती. हवालदाराला गाडी बंद करायला सांगून त्यांनी झाले ते सांगितले, अहवालात लिहिले होते त्याच क्रमाने.

"दोन रात्री मी नुसती ती पिन आठवत होतो," तो म्हणाला. "कशी धरली, कशी लावली."

मिस्त्रींनी मान हलवली. मग त्यांना ते मान हलवणे जाणवले आणि त्यांनी ते थांबवले. "चुकलं माझं," ते म्हणाले.

हवालदाराने शिट्टी तोंडात धरली, लांब फुंकली आणि बोटाने जमीन दाखवली. मिस्त्रींचा उजवा पाय पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर होता. त्यांनी तो आत घेतला. हवालदार हसला नाही. त्याने गाडी सुरू केली आणि निघून गेला.

सप्टेंबरात नव्या गाड्या आल्या. सहा डिझेल दोन ट्रकांतून गेल्या. तीन नंबर ट्रकवर चढतानाही दोनदा खोकली. वर्कशॉपची फळी उतरवली, भिंतींना चुना दिला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, त्यामुळे 'आधी पाणी' एवढी अक्षरे फिकट दिसत राहिली. मिस्त्रींना फाटकावरची खुर्ची मिळाली. येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा, जाणाऱ्याचा लिहायचा. हवालदार समोरून जाताना हात करी. त्याची गाडी आली कधी आणि गेली कधी हे मिस्त्रींना कळत नसे, मान वर करून पाहावे लागे.

देखभाल कंपनीकडे होती, पण करारात बॅटरीचे पाणी नव्हते. ते गिऱ्हाइकाने आपले घालायचे, आठवड्यातून एकदा. बाईंनी मिस्त्रींना विचारले. मिस्त्री म्हणाले, रविवारी घालतो. बाई म्हणाल्या, रविवारच कशाला, सोमवारी फाटकावर येताना घाला. मिस्त्री म्हणाले, आता टायमर शनिवारी रात्रीचा आहे, चार्जिंग रविवारी सकाळी संपतं, त्यानंतरच घालायचं असतं. कार्डावर लिहिलंय. बाईंनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि ठीक आहे म्हणाल्या.

पहिल्या रविवारी ते नऊला पोचले तर चार चार्जरवर हिरवा दिवा होता, दोनवर अजून पिवळा. मिस्त्रींनी खिडक्या उघडल्या. स्टूल दाराशी ओढून बसले. चार्जरच्या पंख्यांची बारीक घरघर होती, ती एकेक करून बंद पडत गेली. पावणेअकराला सगळे दिवे हिरवे झाले. त्यानंतर खोलीत कसलाच आवाज उरला नाही.

अकराला फोन आला.

"बाबा, आज घरी आहात?"

"नाही. कामावर."

"आवाज नाही येत कसला?"

"आता आवाज नसतो."

तिने जेवणाचे विचारले. गोळ्यांचे विचारले. दोन्हींची उत्तरे देऊन झाली आणि एक मिनिटही झाले नव्हते. इथे ती म्हणत असे की काही ऐकू येत नाही. आज सगळे ऐकू येत होते. तिच्याकडे नळ चालू होता. तो बंद झाला. ती श्वास घेत होती तेही ऐकू येत होते. काही विचारायला हवे, असे मिस्त्रींना वाटले, पण चार वर्षांत काय काय विचारायचे राहिले याची सुरुवात कुठून करायची ते त्यांना सुचेना.

"मला पाणी घालायचंय," ते म्हणाले. "एकशे चव्वेचाळीस सेल आहेत."

"किती वेळ लागेल?"

"दीड तास."

"घाला. मी पण भांडी आवरतेय. फोन चालू राहू दे."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. हातमोजे घातले, चष्मा लावला, पहिल्या गाडीची सीट उचलली आणि पहिले झाकण उघडले. टॉर्च मारला. खुणेपर्यंत, गळ्यापर्यंत नाही. पाणी आत गेले त्याचा काही आवाज झाला नाही. मग त्यांच्या लक्षात आले की इकडे काम चालू आहे हे तिला कळायला मार्गच नाही. ते स्टुलाकडे वळले.

"एक," ते म्हणाले, थोडे मोठ्याने.

फोनमधून, लांबून, कुणी तरी पातेले उपडे ठेवल्याचा आवाज आला.

"दोन."